सेवाग्रामची रक्ततपासणी आणि परदेशातला पैसा



2004 सालच्या पहिल्या काही महिन्यांत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि कर्मचारी अशा 726 जणांच्या दोन तपासण्या झाल्या. अंगात क्षयाचा सुप्त संसर्ग आहे का, हे त्यातून पाहायचे होते. एक तपासणी सुमारे शंभर वर्षे जुनी: हाताच्या कातडीत ट्यूबरक्युलिन टोचायचे आणि दोन-तीन दिवसांनी उठलेली गाठ मोजायची. दुसरी नवी आणि महागडी. तिच्यात रक्तात क्षयजंतूची ठरावीक प्रथिने मिसळून ते रात्रभर ठेवायचे आणि पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा किती सोडला ते मोजायचे. बीसीजी लशीत ती प्रथिने नसतात. त्यामुळे जिथे बहुतेकांना लहानपणीच बीसीजी टोचली जाते, तिथे नवी तपासणी जुनीला मागे टाकेल असा तर्क होता.

तसे झाले नाही. जून 2005 मध्ये ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. जुन्या तपासणीत 41 टक्के लोक संसर्गित निघाले, नव्या तपासणीत 40 टक्के, आणि बीसीजीमुळे जुनीत म्हणण्यासारखा गोंधळ झालेला नव्हता. त्याहून गंभीर बाब अशी की, निम्म्या लोकांची किमान एक तपासणी होकारार्थी होती आणि रुग्णसेवेत जितकी वर्षे जास्त, तितका संसर्ग जास्त. पुढे 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतले पुरावे तपासले आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांनी जुनी तपासणी सोडून नवी घेऊ नये, असे सांगितले. 2018 मध्ये दोहोंपैकी कोणतीही चालेल, अशी मुभा आली.

या कामाला पैसा अमेरिकेतून आला होता. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या फोगार्टी केंद्राच्या प्रशिक्षण कार्यक्रमातून तो बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठामार्फत पोहोचला. मधुकर पै तेव्हा तिथे पीएच.डी. करत होते, आणि सेवाग्रामचे एस. पी. कलंत्री, रजनीश जोशी आणि त्यांचे सहकारी या अभ्यासात बरोबरीचे भागीदार होते. प्रश्न सेवाग्रामच्या वॉर्डातला होता. रुग्णांची थुंकी हाताळणाऱ्या परिचारिकेच्या जिवाला किती धोका आहे, हे आधी तिथल्याच माणसांना जाणून घ्यायचे होते. परदेशी अनुदानाचे मोल ठरवताना सर्वात आधी हेच पाहायला हवे: प्रश्न कोणाच्या गरजेतून आला?

असा प्रश्न विचारण्याची ताकद एका अनुदानाने येत नाही. कस्तुरबा रुग्णालय ज्या संस्थेचा भाग आहे, ती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी उभी केली. तिथे प्रा. बी. सी. हरिनाथ यांनी जमनालाल बजाज यांच्या नावाच्या उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रातून हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ काम केले. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात प्रामुख्याने रात्री उतरतात. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना रात्रीच्या वेळी दारोदार जाऊन लोकांच्या बोटाचे रक्त घ्यावे लागते. दिवसा घेतलेल्या रक्तातही रोगाची खूण सापडावी, ही विदर्भातल्या गावांची साधी, व्यवहारी गरज होती. या केंद्राला भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे पाठबळ मिळाले. आपल्या पैशातून उभी राहिलेली अशी प्रयोगशाळा आधीच असेल, तर बाहेरचा भागीदार बरोबरीने बसतो. ती नसेल, तर नमुने बाहेर जातात आणि कार्यकर्त्यांच्या वाट्याला रक्त गोळा करण्याची मजुरी उरते.

अशा भागीदारीचे महाराष्ट्रातले एक मोठे उदाहरण पुण्याचे आहे. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरील लशीसाठी 2001 मध्ये गेट्स फाउंडेशनने 7 कोटी डॉलर दिले. ‘पाथ’ ही स्वयंसेवी संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रकल्प हाती घेतला. आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी लशीआधी किंमत सांगितली: एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून कमी. त्या किमतीत लस करायला सीरम इन्स्टिट्यूट तयार झाली, त्यासाठीचे तंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आले, आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोमध्ये मेनआफ्रिव्हॅक या लशीचे लसीकरण सुरू झाले. तीन खंडांतली माणसे, पैसा आणि तंत्र एकत्र आले, आणि किमतीची अट पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती.

आज या वाटा अरुंद होत आहेत. परदेशी निधीविषयीच्या भारतीय कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. निधीवर लक्ष हवेच. पण मोठ्या संस्थेचा हात धरून काम करणाऱ्या लहान ग्रामीण संस्थांना हा नियम जड जातो. पलीकडे मे 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नवी पद्धत ठरेपर्यंत परदेशी उप-अनुदाने थांबवल्याचे जाहीर केले. एकाच देशाच्या तिजोरीवर विसंबलेले काम किती लवकर अडते, हे त्यातून कळले.

विदर्भाचा आजचा प्रश्न सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा आहे. त्यावरील जनुक-संपादनाच्या कॅसजेव्ही उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत तेव्हा त्याची जाहीर किंमत 22 लाख डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये. ज्या गावांत हा आजार घराघरांत आहे, तिथे हा आकडा उच्चारणेही क्रूर वाटते. उपचार स्वस्त करण्याच्या पुढच्या संशोधनासाठी इथले रुग्ण आणि इथली माहिती लागणार, हे उघड आहे. म्हणून सेवाग्राम, सावंगी आणि वर्ध्यातल्या इतर संस्थांनी मिळून अर्ज व करारांचे एक सामाईक कार्यालय चालवावे, राज्य सरकारने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने त्याला परदेशी अनुदानाइतकाच जोडनिधी द्यावा, आणि या कार्यालयातून जाणाऱ्या प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर नमुने कुठे राहतील, यंत्रे कोणाची होतील, इथल्या किती तरुण संशोधकांचे प्रशिक्षण होईल आणि तयार झालेला उपचार विदर्भातल्या रुग्णाला कोणत्या किमतीत मिळेल, हे लिहिलेले असावे. अशा कराराचा मसुदा वर्ध्यात जमलेल्या संशोधकांच्या या अधिवेशनानेच तयार करावा, अशी माझी विनंती आहे.