इलेक्ट्रॉनाची मोड

मोड घेतां घेतां व्यवहार शेवटीं सर्वांत लहान नाण्यापाशीं येऊन थांबतो. विजेच्या व्यवहारांतील असें नाणें म्हणजे इलेक्ट्रॉनाचा विद्युद्भार. अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकन यांनीं तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून तो मोजला व 1913 सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. थेंबावरील भार नेहमीं या एका परिमाणाच्या पूर्ण पटींतच असतो. अर्धा अगर पाव इलेक्ट्रॉन असा नसतोच.

1982 सालीं मात्र या हिशेबांत एक विलक्षण अपूर्णांक शिरला. त्सुई, स्टॉर्मर व गोसार्ड यांनीं अमेरिकेंत गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकांत दोन थरांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन कोंडले. कॅरमच्या सोंगट्यांप्रमाणें त्यांना पटावर कोठेंहि फिरतां येई. वर-खालीं मुळींच नाहीं. स्फटिक केवलशून्याच्या अगदीं जवळ थंड करून त्यावर प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावलें, तेव्हां प्रवाहाच्या आडव्या दिशेनें मोजलेला रोध एका पायरीवर स्थिरावला. अशा पायऱ्या क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना 1980 सालींच सांपडल्या होत्या. पण त्यांचे अंक पूर्ण होते. हा अंक होता एक तृतीयांश!

मग इलेक्ट्रॉन फुटला काय? 1983 सालीं रॉबर्ट लाफलिन यांनीं याचा उलगडा केला. परस्परांस दूर लोटणारे हे कण अशा स्थितींत एकमेकांना सांभाळून एकाच द्रवासारखे वागतात. त्यांत दर इलेक्ट्रॉनामागें चुंबकीय क्षेत्राचे तीन पुंज येतात. पंगतींत दर पाहुण्यामागें तीन पाट असा नियम असला आणि यजमानानें एक पाट अधिक मांडला, तर तिसरा हिस्सा पाहुणा कमी पडला असें म्हणावें लागेल. पाहुण्यांपैकीं कोणाचेहि तुकडे होत नाहींत. उणीव मात्र तिसऱ्या हिश्शाची. ही उणीवच कणासारखी हिंडते.

ही नुसती कागदावरची कल्पना राहिली नाहीं. पत्र्यावरील सरीच्या आवाजावरून थेंबांचें आकारमान ताडावें, त्याप्रमाणें 1997 सालीं इस्रायल व फ्रान्समधील दोन गटांनीं प्रवाहांतील सूक्ष्म चढउतार मोजले. भार एक तृतीयांशच भरला. पुढील वर्षीं लाफलिन, स्टॉर्मर व त्सुई यांना नोबेल पारितोषिक मिळालें. 2009 सालीं कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरांत, म्हणजे ग्राफीनमध्यें, असेच अपूर्णांक दिसले. आणि 2023 सालीं मॉलिब्डेनम व टेल्युरियम यांच्या संयुगाचे दोन पातळ थर किंचित् तिरपे एकावर एक ठेवले असतां बाह्य चुंबकीय क्षेत्राशिवायहि ते दिसले.

मिलिकन यांचें नाणें अद्याप अभंगच आहे. एकट्या इलेक्ट्रॉनाची मोड कोणालाहि मिळालेली नाहीं. ती मिळते ती समुदायाच्या पदरांतून.