हरविणाऱ्यास सोडू नये
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मोबाइलवरील खेळांविषयी मुलांना चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. एक निवृत्त शिक्षक दुसरे काय सांगणार, उपदेशच करील, असे आपणांस वाटले असल्यास त्यात नवल नाही. परंतु अडचण अशी की, गेली तीन वर्षे मी स्वतःच मोबाइलवर खेळत आहे. खेळ बुद्धिबळाचा आहे, एवढेच काय ते समाधान. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून अनुभवच सांगतो.

आमच्या घरी वडील देशी पद्धतीने खेळत. प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले, किल्लेकोट नव्हता, आणि राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. निवृत्तीनंतर नातवाने मला लीचेस हे संकेतस्थळ दाखविले. तिबो द्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थाने २०१० साली ते सुरू केले. तेथे पैसे पडत नाहीत आणि जाहिरातीही नसतात. आंतरराष्ट्रीय नियम मी पंधरा दिवसांत शिकलो. नंतर वर्षभर पाच-पाच मिनिटांचे शेकडो डाव खेळलो, आणि जेथे होतो तेथेच राहिलो.

येथे गुणांकनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. अर्पाद एलो नावाच्या प्राध्यापकांनी खेळाडूंचे बळ अंकांत मोजण्याची रीत बसविली व जागतिक संघटनेने ती १९७० साली स्वीकारली. आज संकेतस्थळांवर चालणाऱ्या पद्धती तिच्याच कुळातील आहेत. तिच्या हिशेबाने, समोरचा आपल्याहून २०० अंकांनी वरचढ असेल तर चार डावांत आपल्या वाट्यास साधारण एक गुण येतो. ४०० अंकांचे अंतर असेल तर अकरा डावांत एक. माझ्या मते शिकावयाचे ते पहिल्याकडून. दुसरा आपणांस इतक्या लवकर झोपवितो की घाव कोठे बसला हेही उमगत नाही. आणि मी वर्षभर काय करीत होतो? माझ्याहून दुबळे गाठून जिंकत होतो!

अशात सुमारे १८० अंकांनी वरचढ असा एक खेळाडू भेटला. एसटीत वाहक, वय तिशीचे. मी ‘गुरुजी’, तो ‘वाहकसाहेब’. त्याची ज्ञाती मी विचारली नाही, त्याने माझी विचारली नाही. पटावर तिचे काही काम पडत नाही. त्याने पहिल्याच आठवड्यात माझी एक खोड पकडली. मी किल्लेकोट करून बसे. त्याचा उंट माझ्या घोड्यावर रोखलेला असे. घोडा हलला की मागचा वजीर गेला. मी चिडून त्या उंटाला हुसकावण्यासाठी राजापुढचे काठाचे प्यादे एक घर व शेजारचे दोन घरे ढकली. तो शांतपणे घोड्याचा बळी देऊन दोन प्यादी घेई. उंट पुन्हा तेथेच रोखलेला, माझा राजा मात्र उघडा. असा मी सात वेळा मेलो. आठव्या वेळी त्याने विचारले, “गुरुजी, हीच प्यादी किल्लेकोटाच्या आधी ढकलली असती तर?” सारी गोष्ट त्या ‘आधी’ या शब्दात होती. राजा अजून मध्यावर असेल तर तीच खेळी पुष्कळदा चालून जाते.

स्टॉकफिश नावाचे फुकट मिळणारे संगणकी इंजिन अशा वेळी उत्तम खेळी सांगते आणि पुढे एक आकडा मांडते. कारण सांगत नाही. डी. गुकेश हा २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूर येथे जगज्जेता झाला. त्याचे प्रशिक्षक विष्णु प्रसन्ना यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे त्यास या इंजिनापासून दूर ठेवले होते. याचे मर्म मला फार उशिरा कळले, आणि कळले तेही लाजिरवाण्या रीतीने.

एके रात्री सलग पाच डाव हरलो. सहाव्या डावात नातवाच्या टॅबवर इंजिन चालू केले व त्याने सांगितलेल्या खेळ्या मोबाइलवर केल्या. संकेतस्थळाच्या नियमांनी याला बंदी आहे, हे मला ठाऊक होते. जिंकलो. लगेच वाहकसाहेबांचा निरोप आला : “सुरेख डाव, गुरुजी. तेविसाव्या खेळीस हत्ती मागे का घेतलात? मला समजले नाही, शिकवा.”

बंधूंनो, पस्तीस वर्षे मी परीक्षेच्या वर्गात फिरलो. नक्कल करणाऱ्या मुलास मी नेमका हाच प्रश्न विचारीत असे : हे उत्तर कसे आले, सांग बरे. त्या मुलाचा चेहरा कसा होतो, हे मला बाहेरून माहीत होते.

दोन दिवस मोबाइल उघडला नाही. तिसऱ्या दिवशी खरे ते लिहून टाकले. उत्तर आले : “मलाही ती खेळी सुचली नसती. आता दोघे मिळून कारण शोधू.” तासभर लागला. मागच्या ओळीत माझ्या राजाला मात होण्याची भीती होती, म्हणून वजीर तेथे अडकून पडला होता; हत्ती परतताच वजीर मोकळा झाला. त्या डावाचे गुण मात्र परत करता आले नाहीत.

त्यानंतर आमचा नेम ठरला. पंधरा मिनिटांचा एकच डाव, आणि नंतर तेवढाच वेळ बोलणे. प्रथम हरलेल्याने आपली चूक कोठे झाली ते सांगावयाचे, मग जिंकलेल्याने, आणि सर्वांत शेवटी इंजिनास विचारावयाचे. वर्षात माझे १७० अंक वाढले. वाहकसाहेबही तेवढ्यात थोडे वर चढले, त्यामुळे मी अजून बहुधा हरतोच.

नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ च्या जुलैत बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या पुष्कळ घरांत मुलामुलींनी पट मांडले आहेत. त्यांतील कित्येक मला सहज हरवतील. दर रविवारी चार वाजता मंडळाच्या सभागृहात मी पट मांडून बसणार आहे. वयाचा मान राखून कोणी मुद्दाम हरू नये. आणि जो मला हरवील, त्याने पाया पडून लगेच घरी पळू नये. पंधरा मिनिटे बसावे. चहा माझ्याकडे.