संगणकाच्या वहीतील नोंद
(निपाणी परिसरातील शिक्षक, ग्रामस्थ व कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



निपाणीच्या वखारीत तंबाखूचे वजन नुसते उच्चारून भागत नाही. ते वहीत उतरवावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. पडद्यावर उमटलेला मजकूर हा बोललेल्या शब्दासारखा विरून जातो. फाइलमध्ये लिहिलेला मजकूर नोंदीसारखा मागे राहतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास 'सी' ही संगणकभाषा सिद्ध केली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकाने ती भारतातील असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविली. १९९८ साली स्थापन झालेल्या, बेळगावी मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही तिला स्थान मिळाले.

मी कलाशाखेचा पदवीधर. तरीही या भाषेतील लेखनाचा क्रम मला आपल्या दप्तराहून वेगळा वाटला नाही. 'एफओपन' या आज्ञेने वही उघडावी. ती न उघडल्यास 'नल' असे उत्तर येते. ते तपासल्यावाचून पुढे जाऊ नये. मग 'एफप्रिंटएफ'ने मजकूर लिहावा आणि 'एफक्लोज'ने वही मिटावी.

खरी जोखीम पहिल्याच पायरीवर आहे. उघडताना 'डब्ल्यू' हे अक्षर दिले, तर एकही शब्द लिहिण्यापूर्वीच जुनी फाइल कोरी होते. 'ए' दिले, तर नवी नोंद जुन्या नोंदींच्या शेवटी जाऊन बसते. एका अक्षराच्या चुकीने शाळेच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात, आणि 'सी' भाषा त्यापूर्वी आपणांस विचारीत नाही.

वही मिटण्याचेही महत्त्व आहे. लिहिलेला मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच थांबलेला असतो. तेवढ्यात वीज गेली, तर तो हरपतो. 'एफक्लोज'चे उत्तर शून्य आले म्हणजे वही बिनचूक मिटली असे समजावे.

आपल्या सीमाभागात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. फाइलमधील जागा बाइटांत मोजली जाते. यूटीएफ-८ या पद्धतीत साधे इंग्रजी अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरी व कन्नड लिपीतील प्रत्येक चिन्ह तीन. 'निपाणी' या शब्दात वेलांट्या व काना धरून सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट! इंग्रजीच्या मापाने जागा ठेवली, तर आपल्याच गावाचे नाव मध्ये तुटेल.

शिक्षकांस माझी विनंती आहे की, मुलांना आज्ञा शिकविताना ही सावधगिरीही शिकवावी. दप्तर कागदाचे असो वा संगणकाचे, नोंद जपण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याचीच असते.