क्रमांकाविना परिच्छेद

एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे वयोवृद्ध चिटणीस वाहनतळाच्या नियमांचा कागद संगणकावर उघडून बसले आहेत, अशी कल्पना करावी. सभेनें पूर्वींच मंजूर केलेले अकरा नियम त्यांत क्रमवार मांडलेले आहेत. चौथा नियम असा कीं, पाहुण्यांचें वाहन रात्रीं दहानंतर आवारांत ठेवूं नये. यंदाच्या सभेनें त्यास एक अपवाद जोडला : घरांत कोणी आजारी असल्यास डॉक्टरांच्या अथवा शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या वाहनास ही बंदी नाहीं. हा अपवाद चौथ्या नियमाचेंच अंग आहे. त्याला स्वतःचा क्रमांक नको. तो चौथ्याच्या खालीं, नव्या ओळीवर, मजकुराच्या सरळ रेषेंत यावा, एवढीच चिटणीसांची इच्छा. ते चौथ्या नियमाच्या शेवटीं जाऊन एंटर कळ दाबतात, आणि यंत्र मोठ्या तत्परतेनें '५' हा आंकडा उमटवून मोकळें होतें.

चूक क्षुल्लक दिसते, पण तिचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. अकराव्या नियमांत पूर्वीं हातानें लिहिलेलें वाक्य आहे : 'नियम ६ चा भंग करणारास दंड होईल.' जुना सहावा नियम अग्निशामक गाडीची वाट अडवूं नये, असा होता. आतां तो सातवा झाला, आणि सहाव्याच्या जागीं जुना पांचवा, म्हणजे आवारांत वाहन धुवूं नये, हा येऊन बसला. वाट अडवणारा निर्दोष सुटला आणि बादलीभर पाण्यानें स्कूटर धुणारा दंडास पात्र ठरला ! शिवाय अपवाद स्वतंत्र नियम बनल्यामुळें तो कशाचा अपवाद आहे, हाही वाद सुरू होतो. संस्थेच्या सभांतून याहून लहान कारणांवरून रात्र रात्र भांडणें झालेलीं आहेत.

कायद्याच्या भाषेंत अशा अपवादात्मक परिच्छेदास 'परंतुक' म्हणतात. भारतीय संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड सांगतो कीं, सरकारी नोकरास दोषारोप कळवून, चौकशी करून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधि देऊन मगच बडतर्फ करतां येईल. त्याच्या खालीं, स्वतःचा क्रमांक नसलेलीं परंतुकें येतात, आणि मग तिसरा खंड सुरू होतो. दुसऱ्या परंतुकांत चौकशी कोणत्या प्रसंगीं लागणार नाहीं, तें सांगितलें आहे. १९८५ सालीं 'युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तुलसीराम पटेल' या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयापुढें प्रश्न होता तो याच परंतुकाचा. चौकशीवांचून ज्यांची नोकरी गेली, त्यांचें भवितव्य त्यावर अवलंबून होतें. परंतुक दुसऱ्या खंडाचें आहे, हें वाचणाराच्या डोळ्यांना कळतें तें त्याच्या जागेवरून.

संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं हातानें लिहिली. लेखणीच्या बाबतींत ही अडचणच उद्भवत नाहीं. हात घालील तेव्हांच क्रमांक पडतो. टंकलेखन यंत्राचेंही तसेंच. टंकलेखक समास थोडा आंत घेई आणि आंकडा न घालतां पुढें लिही. संगणकांत मात्र क्रमांक हें अक्षर नव्हे, तो परिच्छेदाचा गुण आहे. वर्डमध्यें त्या आंकड्यावर बाण नेऊन तो खोडूं गेल्यास एकटा आंकडा हातीं लागत नाहीं, याचें कारण हेंच. एंटर दाबतांच परिच्छेदाचे दोन होतात आणि पहिल्याचे गुण दुसऱ्यास वारशानें मिळतात, क्रमांकासुद्धां. दुसरें असें कीं, वर्डच्या लेखीं कागद म्हणजे एकामागून एक उभ्या राहिलेल्या परिच्छेदांची रांग. 'चौथ्याच्या पोटांत' असें स्थानच त्या रांगेंत नाहीं. वेबपृष्ठें ज्या एचटीएमएलमध्यें लिहितात, त्यांत यादीच्या एका कलमाच्या पोटांत दोन परिच्छेद खुशाल ठेवतां येतात. तेथें हा घोटाळा होत नाहीं.

लोक यावर उपाय करतात ते बहुधा दोन. पहिला, शिफ्ट कळ दाबून एंटर मारणें. त्यानें ओळ तुटते, परिच्छेद तुटत नाहीं, म्हणून क्रमांक येत नाहीं. दोन शब्दांचा पत्ता लिहावयाचा असेल तर हें ठीक. पण परिच्छेदांमधील मोकळी जागा येथें मिळत नाहीं, आणि दोन्ही समास सारखे केलेले असल्यास तुटलेल्या ओळींतील शब्द कधीं कधीं रबरासारखे ताणले जातात. दुसरा उपाय, एंटर दाबून लगेच बॅकस्पेस दाबणें. क्रमांक जातो, समास राहतो. चिटणीसांचें काम एवढ्यानें भागेल. मात्र एकदां दाबावें, दोनदां नव्हे. दुसऱ्या वेळीं समासही हलतो. पुढें नवा नियम लिहितांना क्रमांक १ पासून सुरू झाल्यास उजव्या कळीनें मेनू उघडून 'कंटिन्यू नंबरिंग' निवडावें. स्पेसची कळ दाबदाबून मजकूर आंत ढकलण्याचा प्रकार कोणीही करूं नये. अक्षराचा आकार बदलला कीं त्या ओळी दारुड्यासारख्या झुलूं लागतात.

लांब कागदासाठीं खरा मार्ग शैलींचा. वर्डमध्यें 'लिस्ट नंबर' आणि 'लिस्ट कंटिन्यू' अशा दोन शैली तयारच असतात. नियमाला पहिली द्यावी, त्याखालील अंकहीन परिच्छेदाला दुसरी. पुढच्या नियमाला पुन्हां पहिली दिली कीं ४ च्या पुढें ५ आपोआप येतो. समास जुळत नसेल तर शैलींतच एकदां दुरुस्त करावा. तो सर्व कागदभर जुळतो. लिबरऑफिस रायटरमध्यें 'नंबरिंग १' आणि 'नंबरिंग १ कंट.' अशी जोडी आहे, शिवाय अंकहीन परिच्छेद घालण्याची स्वतंत्र आज्ञाही आहे. या आज्ञेसाठीं रायटरच्या कर्त्यांना धन्यवाद द्यावे. त्यांनीं निदान प्रश्न ओळखला.

उरला अकराव्या नियमांतील '६'. अपवाद नीट बसल्यामुळें यंदा तो बरोबरच राहील. पण पुढच्या वर्षीं मध्यें खरोखरच नवा नियम आला तर पुन्हां चुकेल. म्हणून तो आंकडा हातानें न लिहितां 'क्रॉस-रेफरन्स' या आज्ञेनें घालावा. तो सहाव्या नियमाशीं बांधला जातो, आणि नियम सरकला तर तोही बदलतो. मात्र आपण होऊन नेहमींच लगेच बदलत नाहीं. कंट्रोल व ए या कळांनीं सर्व कागद निवडून एफ-९ दाबावें, अकरावा नियम एकदां डोळ्यांनीं वाचावा, आणि मग कागद छापून सूचनाफलकावर लावावा.