रोज्याच्या दिवसांतील पाहुणा

परगावी निघताना मनुष्य गाडीची वेळ पाहतो, हवापाण्याची चौकशी करतो, ओळखीच्या मंडळींचे पत्ते टिपून घेतो. परंतु ज्या गावी जावयाचे त्या गावचे पंचांग मात्र तो क्वचितच उघडतो. आषाढात पंढरपुरास जाणाऱ्याला तेथे काय चालले असेल हे सांगावे लागत नाही. वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहावयास छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे २०२३ सालापर्यंत ज्या शहराचे सरकारी नाव औरंगाबाद होते तेथे, जाणारे पुण्या-मुंबईचे कुटुंब मात्र तिकडे रमजान चालू आहे किंवा कसे, हे पाहून निघत नाही. मग भर दुपारी शहागंजात उतरून ते खाणावळ शोधू लागते. कोठे दार बंद, कोठे दारावर जाड पडदा. मुले कुरकुरतात, आणि गृहस्थास वाटते की, आपण चुकीच्या वेळी येऊन पडलो. वास्तविक वेळ मुळीच चुकलेली नसते. ती कशी साजरी करावी एवढेच ठाऊक नसते.

प्रथम या शहराविषयीचा एक समज दूर केला पाहिजे. हे शहर मुसलमानबहुल नाही. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथे शेकडा सुमारे ५१ हिंदू, ३१ मुसलमान व १५ बौद्ध होते. तथापि मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी या खेड्याच्या जागी वसविलेल्या, आणि पुढे १६५३ पासून औरंगजेबाच्या सुभेदारीत वाढलेल्या जुन्या दरवाज्यांच्या आतील गावात काही मोहल्लेच्या मोहल्ले असे आहेत की, तेथे रमजानात सारा दिनक्रम पालटतो. गंमत अशी की, राजाबाजारातील संस्थान गणपती, गावचे ग्रामदैवत, आणि शहागंजची मशीद ही एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दहा मिनिटे पायी चालणारा मनुष्य येथे एका पंचांगातून दुसऱ्या पंचांगात जातो, आणि वाटेत कोठे जकात नाका लागत नाही.

या दुसऱ्या पंचांगाची रचना समजून घेण्यासारखी आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. हा अकरा दिवसांचा फरक आपल्याकडे अधिक मास घालून भरून काढतात, म्हणून श्रावण पावसाळ्यातच राहतो. हिजरी गणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो, आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंमधून फिरून येतो. २०१८ साली तो मेच्या मध्यास सुरू झाला होता; २०३० साली तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा, असा दोनदा सुरू होईल. म्हणजे ज्याने बालपणी थंडीतला पहिला रोजा धरला, तोच पुढे वैशाखवणव्यातही रोजे धरतो. सुखाचा ऋतू एकाच्याच वाट्यास कायम येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

रोजा म्हणजे पहाट फुटण्याच्या आधीपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. साबुदाण्याच्या खिचडीची सवय असलेल्या मंडळींना या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. ज्यांच्या घरी निर्जला एकादशी पाळली जाते त्यांना मात्र ते सांगावे लागणार नाही. मराठवाड्यात मेच्या मध्यास हा काळ सुमारे साडेचौदा तासांचा होतो, आणि डिसेंबरात बारा तासांच्या आसपास असतो. या तासांत रोजेदार दुकानात बसतो, रिक्षा चालवितो, शाळेत शिकवितो. घरातील स्त्रिया तर स्वतः रोजा धरून पहाटेची सहेरी रांधतात आणि सायंकाळच्या इफ्तारीची तयारीही करतात. मीठ कमी पडले की अधिक झाले, हे सूर्यास्तापूर्वी सहसा चाखूनही पाहत नाहीत.

अशा दिवसांत आपला पाहुणा दुपारचा पाणचक्कीवर जातो. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्याच्या जोरावर येथे पूर्वी जाते फिरत असे, आणि त्या पिठावर फकिरांची व यात्रेकरूंची भूक भागे. हौद भरलेला असला म्हणजे पाण्याचा गारवा अंगास लागतो. वडाची थोरली सावली आहेच. त्या सावलीत एक वृद्ध गृहस्थ भिंतीस टेकून बसलेले असतात, ओठ सुकलेले. पाहुण्याने पाण्याची बाटली काढलेली असते आणि त्यांच्याकडे दृष्टी जाताच हात मध्येच थांबतो.

“चाचा, आपका रोजा है?”

“हौ. आप पियो साहब, मुसाफिर को रोजा माफ रहता.”

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. इस्लामी धर्मशास्त्राप्रमाणे आजारी, अतिवृद्ध, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता यांना जशी सवलत आहे, तशीच ती प्रवाशालाही आहे. मुसलमान प्रवाशाने चुकलेले रोजे पुढे भरून काढावयाचे असतात. मग जो मुसलमानही नाही, त्या पाहुण्याने उपाशी राहावे अशी अपेक्षा कोण करील? आणि योगायोग पाहा, ज्या सत्पुरुषाची कबर या पाणचक्कीच्या आवारात आहे, त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. बुखाऱ्याकडून निघून दूर दख्खनेत येऊन राहिलेला तो प्रवासीच होता.

तेव्हा पाहुण्याने खावे-प्यावे; मात्र ते कसे, याचे तारतम्य राखावे. काही आखाती देशांत रमजानात दिवसा उघड्यावर खाणे हा दंडनीय अपराध आहे. तेथे नोकरीस गेलेल्या मराठी माणसांना तो नियम पाठ असतो. संभाजीनगरात असा कायदा नाही, आणि म्हणूनच येथे शिष्टाचाराची खरी परीक्षा होते. शिपायाच्या भीतीने झाकलेला डबा आणि शेजाऱ्याच्या तहानेची जाणीव ठेवून झाकलेला डबा, हे दिसावयास सारखेच. त्यांची किंमत मात्र सारखी नव्हे. वाफाळलेला पदार्थ रोजेदारासमोर मिटक्या मारीत खाऊ नये, भर मोहल्ल्यात धूर सोडीत चालू नये, आणि “अरेरे, पाणीसुद्धा नाही का?” असा कळवळा तर मुळीच दाखवू नये. व्रतस्थास कीव नको असते. गुलमंडी-औरंगपुऱ्याकडे उपाहारगृहे नेहमीप्रमाणे उघडी असतात. मुलाबाळांना तेथे न्यावे, म्हणजे कोणाचीच अडचण होत नाही.

सायंकाळी मात्र याच पाहुण्याने जुन्या गावात असावे. उन्हे उतरली की भट्ट्यांपुढे नानासाठी गर्दी जमते. नान आणि कलिया ही या गावची जोडी. तुघलकाची राजधानी १३२७ साली दौलताबादेस आली तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ आला, अशी आख्यायिका सांगतात. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, हरभऱ्याची उसळ, सरबत यांची ताटे मशिदींकडे आणि शेजारघरांकडे जाऊ लागतात. मग शेवटची पाच मिनिटे येतात. त्या वेळी अन्न समोर असते, भूक पोटात असते आणि हात मांडीवर असतो. कोणी पाहत नसले तरी कोणी घोट घेत नाही. ही पाच मिनिटे ज्याने एकदा पाहिली, त्याला संयम या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

अशा वेळी ओळखीचा दुकानदार हाक मारतो. संकोची मराठी पाहुणा सवयीने म्हणतो, “नको, नको.” आणि दुकानदार हसून म्हणतो, “नक्को मत बोलो साहब, बैठो.” दख्खनीतला हा ‘नक्को’ मराठीच्याच घरचा, किती पिढ्या हे दोन समाज एका ओट्यावर बोलत बसले असतील, त्याची ही साक्ष. पाहुण्याने खुशाल बसावे. पादत्राणे बाहेर ठेवावी, अजान होईपर्यंत हात आवरावा, प्रथम खजूर घ्यावा. सामिष चालत नसल्यास मोकळेपणाने सांगावे; फळे व सरबत पुढे येतात, कोणी रागावत नाही. दुसऱ्याने दिवसभर राखलेल्या भुकेच्या पहिल्या घासात आपल्याला वाटा मिळतो, हा मान लहान नव्हे.

रात्री तरावीहची नमाज झाली की शहागंज, सिटी चौक, बुढी लेन ही पेठ जागी होते. अत्तरे, शेवया, बांगड्या, मुलांचे कपडे यांची खरेदी उत्तररात्रीपर्यंत चालते. येथेच या गावच्या मशरूची आठवण होते. पुरुषाने अंगाशी निव्वळ रेशीम नेसू नये असा दंडक. म्हणून विणकरांनी वर रेशीम आणि अंगाकडे सूत येईल असे वस्त्र विणले, त्याचे नाव मशरू, म्हणजे शास्त्राने मान्य केलेले. दागदागिन्यांच्या व रोकडीच्या संचयातून चाळिसावा हिस्सा जकात म्हणून गरिबांस द्यावयाचा, आणि ईदच्या नमाजापूर्वी फितरा द्यावयाचा, हेही याच दिवसांतले व्यवहार. स्वतःच्या घरी शीरखुर्मा शिजावयाचा, तर शेजारच्या चुलीचीही आधी विचारपूस हवी, असा त्यातील हेतू.

हे सारे सांगताना दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. २९ मार्च २०२३ च्या रात्री, रमजान चालू असता आणि दुसऱ्या दिवशी रामनवमी असता, याच शहरातील किराडपुऱ्यात राममंदिराच्या परिसरात दंगल उसळली; दगडफेक झाली, पोलिसांची वाहने जळाली. दुसऱ्या दिवशी त्या मंदिरात बंदोबस्तात रामजन्म झाला. दोन्ही घरी व्रताचे दिवस, आणि रस्त्यावर आग! तेव्हापासून त्या दिवसांत जुन्या गावात जावे की न जावे, अशी कुजबुज बाहेरगावच्या मंडळींत ऐकू येते. सावधगिरी बाळगण्यात गैर नाही. परंतु प्रत्येक घराने भीतीने वाट बदलली, तर एकमेकांविषयीची माहिती केवळ अफवांतून मिळू लागते, आणि अफवेच्या पोटी पुढली दंगल वाढते. ज्याने कोणाच्या ओट्यावर बसून खजूर घेतला आहे, त्याला त्या गल्लीविषयी काहीही सांगून भडकविणे अवघड जाते. दगड थांबविण्याचे हे साधन फार मोठे नाही. पण सामान्य गृहस्थाच्या हाती तेवढेच आहे.

शेवटी चंद्राकडे वळू. अमावस्येनंतर पश्चिमेस दिसणारी जी कोवळी कोर मुसलमान बांधव ईदसाठी शोधतात, तीच आपल्या शुद्ध पक्षाच्या आरंभीची कोर होय. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा झाला आणि ३१ मार्चला ईद. तेव्हा एका घरी साखरेच्या गाठी व कडुनिंबाचा पाला, आणि दुसऱ्या दिवशी शेजारी दूध, खजूर व शेवया. नाव निराळे, नैवेद्य निराळा. चंद्र मात्र दोन्ही अंगणांतून एकच दिसला. तेव्हा श्रोतेहो, पुढच्या खेपेस लेण्यांच्या प्रवासास निघाल तेव्हा गाडीच्या वेळेबरोबर ती तिथीही पाहून ठेवा. आणि रमजान असेल तर बेत रद्द करू नका, एका सायंकाळेपुरता मुक्काम वाढवा.