पसरणं आणि रुजणं



कॅन्सरविषयी बोलताना आपण एक क्रियापद हमखास वापरतो : पसरणं. ‘पसरलाय का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो आणि ‘पसरलाय’ हे डॉक्टरांचं सर्वांत जड उत्तर. मी कवी आहे. मराठी घेऊन बी.ए. झालो, विज्ञानाशी संबंध शाळेतच सुटला. पण एखादा शब्द नीट बसला नाही की मला चैन पडत नाही, आणि हा शब्द मला बरीच वर्षं खटकतो आहे. तेल कागदावर पसरतं, पाणी अंगणात पसरतं, जिकडं उतार मिळेल तिकडं. कॅन्सर नेहमी तसा पसरत नाही. त्याच्या काही पेशी मूळ जागा सोडतात, रक्तातून प्रवास करतात आणि दूर कुठं तरी जाऊन रुजतात. तेही सगळीकडं सारख्या नाहीत.

ही गोष्ट स्टीफन पॅजेट या इंग्लिश शल्यविशारदानं १८८९ साली मांडली. स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यानं तपासल्या. रक्त यकृताला मिळतं तसं प्लीहेलाही मिळतं, पण दूरच्या गाठी यकृतात कितीतरी जास्त आढळल्या आणि प्लीहेत थोड्या. नुसत्या रक्ताच्या प्रवाहानं हे घडत असतं तर एवढा फरक पडला नसता. म्हणून त्यानं उपमा दिली ती बी आणि जमिनीची. बी चहूकडं जातं, पण उगवतं ते मानवेल त्या जमिनीतच.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला. अब्बा तिफणीवर मूठ धरायचे. एकाच चाड्यातलं ज्वारीचं बी काळ्या रानात जोमानं वर यायचं आणि मुरमाड पट्ट्यात कोंब काढून करपून जायचं. त्यामुळं पॅजेटचं म्हणणं समजायला मला डॉक्टर व्हावं लागलं नाही.

पण हे मी हौसेनं वाचायला घेतलं नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, स्तनाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, सहा वर्षं बरी गेली. मग कंबर दुखायला लागली आणि मणक्यात गाठ निघाली. घरात कुणी तकदीर म्हणालं, शेजारच्या काकू नशीब म्हणाल्या. एका नातेवाइकानं तर निकालच दिला, ‘तपासणीला सुई टोचली तिथंच घात झाला. सुई लागली की पसरतो.’ आपा मला विचारायची, ‘स्तन काढून टाकला, मग हाडात कुठून आला रे? मी कुठं कमी पडले?’ बाहेर रांग लागलेली असायची, डॉक्टरांना एवढं बोलायला वेळ नसायचा. मग मीच वाचत सुटलो.

पहिलं उत्तर लवकर मिळालं. गाठ काढायच्या आधीच काही पेशी तिथून निघून गेलेल्या असू शकतात. त्यातल्या बहुतेक वाटेतच मरतात. आयझाया फिडलर या संशोधकानं १९७० साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की रक्तात सोडलेल्या कॅन्सरपेशींपैकी हजारात एकही चोवीस तासांनंतर जिवंत उरत नाही. जी उरते ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, भिंतीतून वाट काढून बाहेर पडते आणि कधी कधी वर्षानुवर्षं निजून राहते. मग केव्हा तरी जागी होते.

अडचण अशी, की ही भिंत ओलांडण्याची घटना माणसाच्या शरीरात पाहताच येत नाही. स्कॅनमध्ये गाठ दिसते तेव्हा ती चांगली वाढलेली असते. बायोप्सीचा तुकडा म्हणजे थांबलेलं घड्याळ. आणि उंदीर हा कितीही केलं तरी उंदीरच.

इथं ती चिप येते. २०१० साली अमेरिकेत हार्वर्डच्या वीस इन्स्टिट्यूटमध्ये डॅन हू आणि डोनाल्ड इंगबर यांनी ‘चिपवरचं फुप्फुस’ तयार केलं. पेनड्राइव्हएवढा, पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा. आत एकावर एक दोन बारीक नळ्या आणि मध्ये छिद्रं असलेला पातळ पडदा. पडद्याच्या एका बाजूला माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. कडेच्या पोकळ्यांतली हवा ओढली-सोडली की पडदा ताणतो आणि सैल पडतो, श्वास चालावा तसा. हे अख्खं फुप्फुस नव्हे. शेतातली ढेकूळभर माती कुंडीत आणावी तसं आहे. पण कुंडी पारदर्शक आहे, आणि आत काय चाललंय ते तासातासाला सूक्ष्मदर्शकातून दिसतं.

आपाच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. तो एमआयटीतले रॉजर कॅम आणि त्यांचे इटलीतले सहकारी यांचा. स्तनाचा कॅन्सर हाडात वारंवार जातो. स्नायूंमध्ये मात्र रक्त एवढं खेळत असूनही तो क्वचितच बस्तान बसवतो. असं का? त्यांनी चिपवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढवलं. एका ठिकाणी भोवती हाडासारखं वातावरण केलं, दुसऱ्या ठिकाणी स्नायूसारखं. मग त्या वाहिन्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. हाडाच्या बाजूला त्या भिंत ओलांडून जास्त संख्येनं बाहेर पडल्या, स्नायूच्या बाजूला कमी. स्नायूंच्या पेशींतून पाझरणारा अ‍ॅडेनोसिन हा पदार्थ त्यांना अडवत होता. त्याचा परिणाम रोखला तेव्हा स्नायूतही शिरकाव वाढला. तोच पदार्थ हाडाच्या बाजूला घातला तेव्हा तिथला शिरकाव कमी झाला.

हे मी आपाला सोप्या शब्दांत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘म्हणजे माझी हाडंच सुपीक निघाली म्हणायची.’ आणि हसली. त्यानंतर ‘मी कुठं कमी पडले’ हा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. २०१९ मध्ये ती गेली. चिपनं तिला आयुष्य दिलं नाही, पण मनावरचं एक ओझं उतरवलं.

म्हणून चिपच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. २०१७ साली इंगबर यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की चिपवरचं फुप्फुस ‘श्वास’ घेत असताना त्यातला कॅन्सर कमी वाढतो. याचा अर्थ प्राणायामानं कॅन्सर बरा होतो असा कृपा करून कुणी काढू नये. तो चिपवरचा प्रयोग आहे, माणसावरचा उपचार नाही. हे प्रयोग काही दिवस, फार तर काही आठवडे चालतात. आपाच्या शरीरात ती पेशी सहा वर्षं निजली होती. तेवढी झोप चिपवर कशी आणायची? शरीराची सगळी प्रतिकारशक्तीही चिपवर नसते. एकेका अवयवाच्या पुढं जाण्याचे प्रयत्न मात्र चालू आहेत. २०२२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटानं हृदय, हाड, यकृत आणि त्वचा असे चार ऊतक एकाच प्रवाहानं जोडून दाखवले.

कायदाही हलला आहे. नव्या औषधाची चाचणी प्राण्यांवर झालीच पाहिजे, ही सक्ती अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून काढली. भारतानंही २०२३ साली औषध चाचण्यांच्या नियमांत बदल करून अशा पद्धतींना जागा दिली. प्राण्यांवरचे प्रयोग त्यामुळं थांबले असं नाही. पण माणसाच्या आजाराचा प्रश्न माणसाच्याच पेशींना विचारण्याची एक वाट उघडली.

आजवर आपलं बहुतेक लक्ष बियाण्यावर होतं : कॅन्सरच्या पेशीला मारा. ते करावंच लागेल. पण जमीनच रुजू देणार नाही असं काही करता येईल का, हा प्रश्न आता पारदर्शक कुंडीत मांडता येतो. स्नायूंना ही युक्ती आधीपासून येते. ती हाडांना कशी शिकवायची, याचं उत्तर अजून शोधायचं आहे.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. तपासणीच्या सुईनं स्तनाचा कॅन्सर पसरतो, या समजाला वैद्यकाचा आधार नाही. सुई टाळली की निदान लांबतं, आणि त्या लांबलेल्या दिवसांत खरं बी सुटतं. तेव्हा घरातल्या कुणा बाईला गाठ लागली आणि डॉक्टरांनी सुई सांगितली, तर तिला घेऊन जा. आणि ती आजारी असताना ‘तुझं काय चुकलं’ हा हिशेब तिच्यापुढं मांडू नका.