पस्तिशीतला नवखा

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. आपल्या गावात तो कुणी खेळत नाही. तरी आजची हकीकत तुम्हांला परकी वाटू नये, कारण ती एका शाळामास्तरांची आहे.

या खेळात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजासारखाच, पण तो धावत येत नाही आणि चेंडूचा टप्पाही पडू देत नाही. त्यामुळे खांदा आणि कोपर यांवर भारी ताण. टेक्सस राज्यातल्या जिम मॉरिसचा हात असाच कामातून गेला. 1983 साली एका मोठ्या संघाने त्याला निवडले होते. पण दुखापती नि शस्त्रक्रिया यांतच वर्षे गेली. खालच्या दर्जाचे सामने खेळून त्याने नाद सोडला. पुढे बिग लेक या लहानशा गावी तो हायस्कुलात विज्ञान शिकवू लागला. शाळेचा संघही त्याच्याच हाती.

मुलांनो, हिंमत सोडू नका, असे तो सांगे. आम्ही मास्तर लोक हे रोजच सांगतो म्हणा! पण ही पोरे वस्ताद. मग तुम्ही का सोडलीत, असे त्यांनी उलट विचारले. पैज ठरली. मुलांनी जिल्ह्याचे अजिंक्यपद मिळवायचे, मास्तरांनी मोठ्या संघाच्या चाचणीला जायचे. 1999 साली मुले जिंकली.

जूनमध्ये मॉरिस आपली लहान लेकरे बरोबर घेऊनच चाचणीला गेला. वय पस्तीस. शब्द पाळायचा नि घरी परतायचे, एवढाच बेत. पण यंत्राने वेग दाखवला ताशी 98 मैल! ऐन विशीतही त्याला हे साधले नव्हते.

18 सप्टेंबर 1999 रोजी टॅम्पा बे संघाकडून तो टेक्ससमध्येच, आर्लिंग्टनच्या मैदानावर उतरला. समोर रॉइस क्लेटन. चार चेंडूंत बाद.

पुढे? दोन मोसमांत मिळून 21 सामने, अवघे 15 डाव. नावावर ना जय, ना पराजय. मे 2000 मध्ये न्यू यॉर्कला तिन्ही तळांवर धावपटू उभे असता त्याचे चार चेंडू बाहेर गेले आणि यँकीजना विजयाची धाव फुकट मिळाली. तो त्याचा अखेरचा सामना.

2002 साली या हकीकतीवर चित्रपट निघाला. त्याचा कळस आर्लिंग्टनच्या रात्री होतो. मी वर्गात सांगतो तेव्हा न्यू यॉर्क गाळत नाही. पोरे विचारतातच, सर, पुढे काय झाले?